मत तिला, काळजी त्याला

२३ जून २०१६ या दिवशी ब्रिटननं युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं याचा कौल दिला. त्या कौलात माझंही एक मत आहे. माझा पासपोर्ट भारताचा, त्यात कामाचा व्हिसा, आणि तरीही मतदार यादीत नाव. सांगलीला फोनवर हे सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "त्यांच्या घरच्या भांडणात तुला कशाला बोलावलंय?"

बोलावलं होतं खरं. राष्ट्रकुलातल्या देशांचे जे नागरिक ब्रिटनमध्ये रीतसर राहतात त्यांना तिथल्या संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं आणि सार्वमतासाठी तीच यादी घेतली होती. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी पोलंडची बाई माझ्या कितीतरी आधीपासून इथे राहत होती. तिची मुलं इथल्याच शाळेत शिकत होती, पण तिला मत नव्हतं. आयरिश लोकांना होतं, माल्टा आणि सायप्रस राष्ट्रकुलातले म्हणून त्यांनाही होतं. बाकी ज्या युरोपीय लोकांच्या राहण्या-जाण्यावरून एवढा गदारोळ चालला होता, त्यांनाच विचारलेलं नव्हतं. साम्राज्य जाऊन जमाना झाला, पण मतदार यादीत त्याचं शेपूट राहिलं होतं, आणि ते धरून मी मतदान केंद्राच्या आत पोचले होते.

मी राहते ते स्विंडन म्हणजे लंडनहून ब्रिस्टलकडे जाताना गाडीच्या खिडकीतून दिसतं आणि विसरलं जातं असं शहर. एके काळी इथे ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे कारखाने होते. ते गेल्यावर होंडा आली. पाच छोट्या चौकांचा मिळून झालेला एक अजब मोठा चौक आहे, तो बघायला लोक मुद्दाम येतात, यावरून बाकी प्रेक्षणीय स्थळांची कल्पना यावी. पण या शहरात गोव्याची माणसं खूप आहेत. गोदामांत, हॉस्पिटलांत, कारखान्यात कोंकणी कानावर पडते. रविवारी चर्चमधून बाहेर पडणाऱ्या घोळक्यात क्षणभर मडगावला आल्यासारखं वाटतं.

हे लोक इथे आले ते पोर्तुगालचे नागरिक म्हणून. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेली व्यक्ती पोर्तुगालच्या लेखी त्यांची नागरिक. तिचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंदवून घेतला की मुलांना, नातवंडांनाही तो हक्क मिळतो. पोर्तुगाल १९८६ साली युरोपच्या त्या मंडळीत सामील झाला. म्हणजे सासष्टी तालुक्यातल्या एखाद्या गावच्या जुन्या जन्मनोंदवहीतली ओळ विल्टशर परगण्यातल्या गोदामात रात्रपाळी मिळवून द्यायला पुरेशी ठरली. युरोपीय संघाचा कारभार जिथून चालतो त्या ब्रुसेल्समध्ये बसलेल्या कुणाच्याही हे स्वप्नात आलं नसणार.

आमच्या शेजारचं जोडपं तसलंच. नवऱ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट. लिस्बन त्यानं कधी पाहिलेलं नाही, कागदपत्रं सगळी पणजीच्या वकिलातीतून आणि एका वकिलाकडून झालेली. बायको मात्र भारतीयच राहिली होती. दोघांनी भारताचं नागरिकत्व सोडायला नको, म्हाताऱ्या आईवडिलांसाठी एकाचं तरी राहू दे, असा हिशेब. ती इथे आली ती युरोपीय नागरिकाची पत्नी या नात्यानं. तर सार्वमताच्या कायद्यानं असं झालं की तिला मत होतं आणि त्याला नव्हतं. त्याला इथे राहता येतं म्हणून तिला राहता येत होतं, आणि त्याला राहता येईल का यावर मत द्यायचं तिनं. आमच्या गल्लीतली ही एक गोष्ट मला सगळ्या टीव्ही चर्चांपेक्षा जास्त काही सांगून गेली.

ती मला कोंकणीत विचारायची, मी मराठीत उत्तर द्यायचे, आणि मध्ये कुठेतरी आमचं जमायचं. "आमचें कितें जातलें गो?" हा तिचा त्या महिन्यातला ठरलेला प्रश्न. मी म्हणायचे, काही होत नाही, लोक शेवटी राहायच्याच बाजूनं जातील. ऑफिसातली निम्मी माणसं असंच म्हणत होती. उरलेली निम्मी काही बोलत नव्हती, आणि खरं तर तिथेच ओळखायला हवं होतं.

प्रचाराचं म्हणाल तर एक गोष्ट तेव्हाही खटकत होती. राहा म्हणणाऱ्यांकडे फक्त काळजी होती, आणि त्या काळजीला आकडे होते. अर्थखात्यानं सांगितलं, बाहेर पडलात तर २०३० पर्यंत दर घराचं वर्षाला ४,३०० पौंडांचं नुकसान. महागाई, बेकारी, तातडीचं बजेट. युरोपात राहण्यात काही चांगलं आहे, आपण तिथे आहोत याचा आनंद आहे, असं कुणी मनापासून म्हणताना मी तरी ऐकलं नाही. समोरच्या बाजूकडे आशा होती आणि तिला आकडा एकच, लाल बसवर लिहिलेला: आठवड्याला ३५ कोटी पौंड ब्रुसेल्सला जातात, ते आपल्या आरोग्यसेवेला देऊ. सरकारी आकडेवारीवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेनं तो दिशाभूल करणारा आहे असं तेव्हाच जाहीर केलं होतं. फरक पडला नाही. आकडा खोटा ठरवता येतो, "सूत्रं पुन्हा आपल्या हाती" ही त्यांची घोषणा कशी खोटी ठरवणार? त्यात प्रत्येकाला आपापली सूत्रं घालायला जागा होती.

आणि ती लोक घालत होते. आमच्या समोर राहणारे एक निवृत्त गृहस्थ रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी करून मोठे झालेले. १९७५ साली पहिलं सार्वमत झालं, युरोपच्या सामायिक बाजारात राहायचं का असं विचारलं, तेव्हा देशातल्या ६७ टक्के लोकांबरोबर त्यांनीही हो म्हटलं होतं. "मी बाजाराला हो म्हटलं होतं, सरकारला नाही," हे ते शांतपणे सांगायचे. त्यांना परदेशी माणसांचा राग नव्हता. कुंपणावरून टोमॅटो देणारा माणूस, राग कसला? त्यांचं म्हणणं इतकंच की ज्यांना मी निवडून देत नाही आणि पाडूही शकत नाही त्यांनी माझे कायदे करू नयेत. मला हे पटत नव्हतं असं नाही. फक्त त्यांचा कारखाना ब्रुसेल्सनं बंद केला नव्हता, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये वेल्समधल्या पोर्ट टॅल्बटच्या पोलाद कारखान्याचं काय करायचं याचा निर्णय मुंबईत टाटांच्या संचालकांच्या बैठकीत झाला होता, आणि कामगारांचे पुढारी गाऱ्हाणं घेऊन मुंबई गाठत होते. पोर्ट टॅल्बटच्या भागानंही नंतर बाहेर पडण्याच्याच बाजूनं कौल दिला. सूत्रं कुणाच्या हाती होती आणि लोक कुणाच्या हातून ती काढून घेऊ बघत होते, याचा मेळ काही लागत नाही.

आपल्या मंडळींतही बाहेर पडा म्हणणारे कमी नव्हते, हे इथे नमूद केलं पाहिजे, कारण भारतातल्या नातेवाइकांना ते अजून खरं वाटत नाही. जेवणाच्या पंगतीत हा विषय निघाला की आवाज चढायचे. कारण गोऱ्यांचं राजकारण नव्हतं, घरचं होतं. २०१२ साली ब्रिटननं नियम असे आवळले की म्हाताऱ्या आईवडिलांना इथे कायमचं आणणं जवळजवळ अशक्य झालं. आजारी आहेत एवढं पुरत नाही. त्यांची काळजी भारतात पैसे देऊनही घेता येत नाही हे सिद्ध करायचं. पुणे-मुंबईच्या माणसानं हे सिद्ध करावं तरी कसं? आणि त्याच वेळी रुमानियाचा नाहीतर स्पेनचा माणूस आपल्यावर अवलंबून असलेल्या आईला कितीतरी सोप्या नियमानं घेऊन येऊ शकत होता. "त्यांना दार उघडं आणि आम्ही बेल वाजवत उभे," असं एकजण तावातावानं म्हणाला होता. करी हाउसच्या मालकांना तर आश्वासनच मिळालं होतं की युरोपची माणसं थांबली की तुमचे आचारी येतील. गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, अशा हिशेबानं लोक बाहेर पडण्याच्या बाजूनं मत द्यायला निघाले.

मतदानाला मी संध्याकाळी कामावरून परत येताना गेले. चर्चच्या मागचा हॉल, घडीची टेबलं, प्लायवुडचे आडोसे आणि प्रत्येक आडोशात दोरीला बांधलेली बोटभर पेन्सिल. आपल्याकडची शाई, शिपाई, बंदोबस्त यातलं काहीच नाही. माझ्या पुढचा माणूस मात्र खिशातून स्वतःचं बॉलपेन काढून आत गेला. पेन्सिलीची खूण गुप्तहेर खातं रात्री खोडणार आहे, अशी वावडी त्या दिवशी देशभर उठली होती आणि बाहेर पडू पाहणारे बरेच जण पेन घेऊन आले होते. ज्या देशाचा कारभार आपल्या हाती घेण्यासाठी ही माणसं आली होती, त्या देशाच्या पेन्सिलीवरही त्यांचा भरवसा नव्हता. मी राहण्याच्या चौकोनात फुली मारली, पेन्सिलीनंच.

पहाटे निकाल कळला. ५१.९ विरुद्ध ४८.१. स्विंडननं जवळपास ५५ टक्क्यांनी बाहेर पडा म्हटलं. सकाळी पंतप्रधान कॅमेरून यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. पौंड डॉलरपुढे तीस वर्षांत पडला नव्हता इतका पडला. रुपयात शंभराच्या आसपास असायचा तो एका दिवसात नव्वदीत आला. घरी दरमहा पैसे पाठवणाऱ्या प्रत्येकानं तो आकडा पुन्हा पुन्हा बघितला. ऑफिसात पोलंडची बाई नेहमीप्रमाणे आली, संगणक चालू केला, आणि तिच्याशी काय बोलावं हे कुणालाच सुचेना. कुणीतरी केक आणून ठेवला. इंग्रज माणूस संकटात केक आणतो.

पुढची साडेतीन वर्षं सगळं भिजत घोंगडं. मार्च २०१७ मध्ये बाहेर पडण्याची नोटीस दिली, मार्च २०१९ ची तारीख ठरली, ती एप्रिलवर गेली, मग ऑक्टोबरवर, मग जानेवारीवर. जानेवारी २०१९ मध्ये नव्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा करार संसदेत २३० मतांनी पडला. इतका मोठा पराभव तिथल्या कुठल्या सरकारनं अलीकडच्या काळात पाहिला नव्हता. करार न होताच बाहेर पडावं लागलं तर काय, या भीतीनं सरकार तयारीला लागलं आणि तयारी बघून लोक जास्त घाबरले. औषध कंपन्यांना सहा आठवड्यांचा जादा साठा करायला सांगितलं. फ्रान्सकडे जाणाऱ्या वाटेवरच्या केंट परगण्यातल्या रस्त्यावर मालमोटारींची रांग लागली तर काय याची रंगीत तालीम झाली. फेरीसेवेचं १ कोटी ३८ लाख पौंडांचं कंत्राट एका अशा कंपनीला दिलं की जिच्याकडे एकही जहाज नव्हतं, आणि जिच्या वेबसाइटवरच्या अटी जेवण घरपोच देणाऱ्या दुकानाच्या वाटाव्यात अशा होत्या. कंत्राट नंतर रद्द झालं. "३१ ऑक्टोबर २०१९" असं कोरलेली पन्नास पेन्सांची नाणी पाडली, तारीख हुकली, सुमारे दहा लाख नाणी वितळवली.

आमच्या भागातल्या भारतीय दुकानात मार्च २०१९ मध्ये तूरडाळीच्या दहा-दहा किलोच्या पिशव्या उचलायला लोक आले. दुकानदार सांगून दमला की डाळ युरोपातून येत नाही. पण आपल्या माणसाला पावसाळ्यापूर्वी बेगमी करायची सवय. आभाळ भरून आलं की डबे भरायचे, ते आभाळ कुठल्या देशाचं हे बघायचं नाही. मीही एक पिशवी आणली. ती संपायला वर्ष लागलं.

शेजारच्यांची बेगमी वेगळी होती. युरोपीय नागरिकांनी इथे राहायचं तर नव्यानं अर्ज करावा असं ठरलं. त्याचं शुल्क आधी ६५ पौंड होतं, ते टीका झाल्यावर रद्द केलं. अर्ज फोनवरच्या ॲपमधून, आणि ते ॲप सुरुवातीला फक्त अँड्रॉइडवर चालायचं. यांच्याकडे दोघांचे आयफोन. एका संध्याकाळी नवरा माझा फोन मागायला आला. आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून त्यानं पोर्तुगीज पासपोर्ट फोनच्या पाठीला लावला, चिप सापडेना. कव्हर काढलं, पासपोर्ट वर-खाली सरकवला, उलटा केला. चिप सापडल्यावर चेहरा दाखवायचा. पडद्यावर रंग लखलखायला लागले, त्याच्या कपाळावर निळा, हिरवा, लाल उजेड पडत गेला आणि तो मान ताठ करून, श्वास धरून उभा राहिला. बायको मागून पुटपुटत होती, बहुतेक प्रार्थना. काही दिवसांनी ईमेल आलं: कायम राहायला हरकत नाही. तो खूश व्हायच्याऐवजी गोंधळला. शिक्का नाही, कार्ड नाही, कागद नाही. सगळं कुठल्याशा सरकारी संगणकात. "उद्या कुणी विचारलं तर मी काय दाखवू?" त्यानं ते ईमेल छापून, प्लास्टिकमध्ये घालून, लिस्बनच्या जन्मनोंदीच्या फायलीत लावून ठेवलं. माझ्या मते अगदी बरोबर केलं. जून २०२१ ची मुदत संपेपर्यंत असे साठ लाखांवर अर्ज आले होते. देशात एवढी युरोपीय माणसं आहेत याचा अंदाज सरकारलाही नव्हता.

त्या दिवसांत शेजाऱ्याची आई गोव्याहून आली होती. तिला या सगळ्याचं फारसं नवल वाटलं नाही. तिनं तरुणपणी असा एक कौल दिलेला होता: १६ जानेवारी १९६७, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की संघप्रदेश ठेवायचा. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. तिनं दोन पानांवर खूण केली होती. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०, गोवा वेगळा राहिला. सांगलीत मी वाढले तिथे ही गोष्ट "गोवा आपला व्हायचा राहिला" अशा सुरात ऐकलेली. तिच्या तोंडून ती "आम्ही वाचलो" अशी ऐकताना मला थोडं अवघडल्यासारखं झालं. तिच्या गावात एका वाड्यावर भाषा जाईल, नोकऱ्या जातील म्हणून धास्ती होती, आणि दुसऱ्या वाड्यावर भाटकाराचा, म्हणजे जमीनदाराचा, जाच तरी सुटेल म्हणून आशा. चिठ्ठीवर फक्त फूल आणि पानं. विलीनीकरण हरलं, आणि काही महिन्यांतच झालेल्या निवडणुकीत लोकांनी विलीनीकरण मागणाऱ्या बांदोडकरांच्याच पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवलं! आता या दोन कौलांचा मिळून अर्थ काय लावायचा ते लावा. "मनीस एकच आसता," म्हातारी म्हणाली, "सवाल वेगळे."

३१ जानेवारी २०२० ला रात्री अकरा वाजता ब्रिटन बाहेर पडलं. बिग बेनची दुरुस्ती चालू होती, तेवढ्यापुरते टोल द्यायला लाखो पौंड खर्च येणार म्हणून लोकांनी वर्गणी काढली, तरी घंटा काही वाजली नाही. आमच्या गल्लीत दोन फटाके उडाले आणि एका घरानं युरोपचा निळा झेंडा खिडकीत लावला. मग दोन महिन्यांत करोना आला आणि सगळ्यांच्या आशा-काळज्यांचा हिशेब असा काही मिसळून गेला की आजही कुठलं दुखणं कशामुळे हे दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीनं सांगता येतं.

होंडा जुलै २०२१ मध्ये बंद झाली, साडेतीन हजारांच्या आसपास नोकऱ्या गेल्या. कंपनीनं सांगितलं, ब्रेक्झिटमुळे नाही, विजेच्या गाड्यांमुळे. शहरातल्या निम्म्यांनी विश्वास ठेवला. परदेशी माणसं कमी येतील म्हणून ज्यांनी मत दिलं, त्यांनी जून २०२३ ला संपलेल्या वर्षात नऊ लाखांवर निव्वळ भर पडलेली पाहिली, आणि त्यात सगळ्यांत पुढे भारतीय. पंगतीत तावातावानं बोलणारा तो गृहस्थ त्या अर्थानं जिंकला. फक्त त्याच्या आईवडिलांचा नियम तसाच राहिला. तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी २०२२ साली दिल्लीत येऊन भारताशी व्यापार करार दिवाळीपर्यंत करायचा वायदा केला. दिवाळीला करार आला नाही, ऋषी सुनक पक्षाचे नेते झाले. करारावर सह्या झाल्या जुलै २०२५ मध्ये, तोवर सुनकही सत्तेवरून गेले होते.

समोरचे गृहस्थ आता ऐंशी पार करून गेलेत. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर ब्रिटिश माणसाचेही बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला सुरुवात झाली. स्पेनला जाऊन आल्यावर ते त्यावर बराच वेळ बोलत होते. मी शेंगेन व्हिसासाठी सहा महिन्यांचे बँकेचे उतारे जमवत होते, त्यामुळे मला त्यांची म्हणावी तितकी दया आली नाही. पण त्यांचं खरं काम माझ्याकडे नव्हतं, शेजारी होतं. त्यांच्या नातवाला बर्लिनला नोकरी करायची आहे. त्यांची पत्नी, आता हयात नाही, जन्मानं आयर्लंडची, कॉर्कची. आजी आयर्लंडमध्ये जन्मलेली असेल तर नातवाला आयरिश नागरिकत्व मागता येतं हे त्यांना कळलं होतं. पुढचं कसं करायचं ते गल्लीत एकाच माणसाला माहीत.

शेजाऱ्यानं आपली फाइल काढून कुंपणावर ठेवली आणि शिकवणी सुरू केली. आधी आजीचा जन्मदाखला, मूळ प्रत, झेरॉक्स नको. मग लग्नाचा. मग मुलीचा जन्मदाखला, तिच्या लग्नाचा, मग नातवाचा. सगळ्यांवर नाव एकच पाहिजे, स्पेलिंगसकट. "माझ्या आज्याच्या नावात एक अक्षर जास्त होतं," तो सांगत होता, "फाइल लिस्बनहून परत." गृहस्थांनी वरच्या खिशातून बॉलपेन काढलं आणि लग्नाच्या दाखल्यात बायकोचं आडनाव नक्की कसं लिहिलं होतं ते आठवत पाकिटाच्या पाठीवर लिहून बघायला लागले.